पॅच लावला तरी दुखतंय, पॅच निघतोय, पॅचखाली खाजतंय: घरी काय तपासाल आणि कुठे थांबाल

"सिस्टर, पॅच चालंना झालाय."

हा फोन मला आठवड्यातून एकदा तरी येतोच, आणि बहुतेक वेळा रात्री नऊनंतर. मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. कॅन्सरच्या दुखण्यासाठी फेंटानिल, मणक्याच्या आणि सांध्यांच्या जुनाट दुखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन, स्मृतिभ्रंशासाठी रिव्हास्टिग्मिन, छातीच्या दुखण्यासाठी नायट्रोग्लिसरीन, तंबाखू-सिगारेट सोडणाऱ्यांसाठी निकोटिन, असे त्वचेला चिकटवून आत औषध सोडणारे सगळे पॅच मी बारा वर्षं लावतेय आणि काढतेय. एवढ्या वर्षांत पॅचच खराब निघाला असं फार क्वचित झालं. बाकी सगळीकडे गडबड होती ती त्वचेत, वेळेत किंवा जागेत. आणि घरच्यांनी काळजीपोटी जे केलं, म्हणजे शेजारी आणखी एक पॅच चिकटवला, वरून गरम पिशवी ठेवली, ते मूळ तक्रारीपेक्षा जास्त धोक्याचं होतं. म्हणून हे नीट लिहून ठेवतेय.

तक्रारी साधारण अशा असतात

- पॅच लावून चार-पाच तास झाले तरी दुखणं तसंच.
- पहिले दोन दिवस बरे जातात, तिसऱ्या दिवशी दुखणं उसळतं.
- कडा सुटतात, पॅचची गुंडाळी होते, झोपेत नाहीतर अंघोळीत तो निघून जातो.
- पॅचखाली खाज, लाली, पुरळ.
- स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अचानक उलट्या, अन्नावरची वासना गेलेली, अंगात त्राण नाही.

यातलं प्रत्येक कारण घरी शोधता येतं. एक गोष्ट मात्र या यादीतली नाही आणि तिथे शोधत बसायचं नाही. फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच लावलेला माणूस हाक मारून, हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल, झोपेत घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आधी पॅच काढा आणि लगेच १०८ला फोन करा. पुढचं सगळं नंतर वाचा.

१. आधी कॅलेंडर बघा

खर्च शून्य, वेळ एक मिनिट, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

गोळी पोटात गेली की तास-दीड तासात फरक जाणवायला लागतो, म्हणून पॅचकडूनही आपण तीच अपेक्षा धरतो. पॅचचं काम वेगळ्या पद्धतीनं चालतं. त्वचेच्या अगदी वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, पण शरीराची खरी तटबंदी तीच. औषध आधी त्या थरातून हळूहळू झिरपतं, खालच्या त्वचेत साठतं आणि तिथून थोडं थोडं रक्तात जात राहतं. फेंटानिलचा पहिला पॅच लावला की पुरता परिणाम दिसायला १२ ते २४ तास लागतात. ब्युप्रेनॉर्फिनचा अंदाज यायला तिसरा दिवस उजाडतो. संध्याकाळी सहाला पॅच लावला आणि रात्री अकराला दुखतंय, यात पॅचचा काही दोष नाही. त्या मधल्या वेळेसाठी डॉक्टरांनी बहुधा वेगळी गोळी लिहून दिलेली असते. ती दिली का, हे बघा. कागदावर नसेल तर डॉक्टरांना विचारा. आधीची गोळी कधी बंद करायची हेही त्यांनाच विचारायचं असतं. "आता पॅच लावलाय, गोळ्या बंद" असं घरच्यांनी ठरवून पहिली रात्र कण्हत काढलेली मी अनेकदा पाहिलीय.

हेच उलट बाजूनंही खरं आहे. पॅच काढला म्हणजे औषध थांबलं, असं होत नाही. फेंटानिल काढल्यावर रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच १७ तास किंवा त्याहून जास्त लागतात, कारण त्वचेतला साठा अजून झिरपतच असतो. जास्त झालेलं औषध पॅच काढून चटकन उतरत नाही ते यामुळेच.

दुसरी चूक मोजण्याची. फेंटानिलचा पॅच ७२ तासांचा. सोमवारी संध्याकाळी लावला तर गुरुवारी संध्याकाळी बदलायचा. आपल्याकडे सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन असं बोटांवर मोजतात आणि बुधवारीच बदलतात. नाहीतर "उद्या बघू" म्हणत शुक्रवारवर ढकलतात. ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच सात दिवसांचा, म्हणजे वार तोच राहतो. रिव्हास्टिग्मिन रोजच्या रोज, चोवीस तासांनी. नायट्रोग्लिसरीनचा दिवसभर ठेवून रात्री १० ते १२ तास काढून ठेवायला सांगतात, कारण सतत अंगावर राहिला तर शरीर त्याला सरावतं आणि गुण येईनासा होतो. ही सुट्टी कधी द्यायची ते तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं असेल, तसंच करा.

मी प्रत्येक घरात भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात तीन गोष्टी लिहायला लावते: वेळ, जागा, कुणी लावला. दूध आणि गॅसच्या नोंदी जिथे होतात तिथेच. "गु. सं. ६, उजवा दंड, सुनबाई." एवढं पुरतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर दुखणं वाढतं, असं दोन-तीन पॅचमध्ये सलग दिसलं तर तेही चौकोनात लिहा. काही रुग्णांना ७२ तास पुरत नाहीत आणि डॉक्टर अंतर कमी करतात किंवा ताकद वाढवतात. तो निर्णय त्यांचा, पण त्यांना तो घेता यावा म्हणून नोंद आपण द्यायची. "मधनं मधनं दुखतंय" एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

२. अंगावरचे पॅच मोजा

रुग्णाचे कपडे बाजूला करून पाठ, दंड, छाती, बगलेजवळचा भाग, सगळं उजेडात बघा. पॅच पारदर्शक किंवा कातडीच्या रंगाचा असेल तर हातानं चाचपून बघा.

राजारामपुरीत एक निवृत्त शिक्षक होते. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, रिव्हास्टिग्मिनचा पॅच पाठीवर लावायचा, कारण समोर लावला की ते स्वतःच ओढून काढायचे. घरात सकाळी मुलगा, दुपारी सून, कधी काळजीवाहू मावशी. सरांना दोन दिवस उलट्या होत होत्या. घरच्यांना वाटलं, खाण्यातून काहीतरी झालं. सदरा वर केला तर पाठीवर तीन पॅच होते, दोन वर, एक कमरेपाशी बनियनच्या पट्ट्याखाली. प्रत्येकानं आपला पॅच इमानेइतबारे लावला होता, जुना मात्र कुणीच काढला नव्हता. नाडी मंद झाली होती. तिन्ही काढले, डॉक्टरांना कळवलं आणि त्यांनी सरांना दवाखान्यात ठेवून घेतलं. सर बरे झाले. पण वरची कॅलेंडरची सवय मी तेव्हापासून सक्तीची केली.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी जुना काढायचा, तो घडी घालून बाजूला ठेवायचा, मगच नव्याचं पाकीट फोडायचं. जुना सापडला नाही तर तो सापडेपर्यंत शोधा. अंथरुणात, उशीच्या अभ्र्यात, रुग्णाशेजारी झोपणाऱ्या नातवंडाच्या अंगावर. हे शेवटचं घाबरवायला लिहिलेलं नाही. फेंटानिलचा सुटलेला पॅच मुलाच्या अंगाला चिकटून किंवा तोंडात जाऊन मुलं दगावल्याच्या घटना जगात नोंदलेल्या आहेत. पॅचवाल्या आजोबांच्या कुशीत नातवाला झोपवू नका, एवढं माझं ऐकाच.

रिव्हास्टिग्मिन याच्या उलट तीन दिवसांपेक्षा जास्त काळ लावायचा राहिला असेल, तर परत त्याच ताकदीचा लावू नका. डॉक्टर पुन्हा कमी ताकदीपासून सुरुवात करतात. एकदम मोठा पॅच लावला तर उलट्यांनी माणूस हैराण होतो.

३. कडा सुटतायत का?

आमच्या कोल्हापूरच्या हवेत सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार ही.

पॅच किती औषध देणार हे त्याचा किती भाग त्वचेला टेकलाय यावर ठरतं. ५० मायक्रोग्रॅमचा पॅच २५च्या दुप्पट आकाराचा असतो तो उगाच नाही. अर्धा पॅच उचलला गेला तर डोसही साधारण निम्म्यावर आला असं समजा. बाहेरून "लागलेला" दिसतो आणि माणूस रात्रभर तळमळतो.

कारण शोधायची माझी एक रीत आहे. सुटलेला पॅच कडेला धरून, चिकट भागाला बोट न लावता, खिडकीच्या उजेडात तिरका धरा. पांढरी पूड दिसली तर पावडर. बारीक केस रुतलेले दिसले तर केस. ओशट चकाकी दिसली तर तेल. काहीच नाही आणि गोंद पांढुरका, ओलसर दिसतोय तर घाम किंवा अंघोळीनंतर राहिलेला ओलावा. मग हात साबणाशिवाय, नुसत्या भरपूर पाण्यानं धुवा.

तेलाचं काय करायचं? मंगळवार पेठेत एक जुने पैलवान होते, तालमीत उभी हयात गेलेली. पंचाहत्तरीतही रोज सकाळी अंगाला तेल लागल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. कॅन्सर हाडांत उतरलेला, फेंटानिलचा पॅच छातीवर, आणि तो दुपारपर्यंत टिकत नव्हता. घरच्यांनी तीन दिवसांत तीन पॅच वाया घालवले. त्यांना तेल सोडा म्हणणं मला बरं वाटेना. मग आम्ही ठरवलं, दोन्ही दंडांचा बाहेरचा भाग आणि छातीच्या वरच्या दोन बाजू, अशा चार जागा तेलाविना. बाकी अंगाला पाहिजे तेवढं तेल. हवं तर पॅच लावल्यावर, त्यापासून चार बोटं दूर. पुढचे पाच महिने एकही पॅच सुटला नाही.

त्वचा तयार करायची ती अशी. अंघोळ आधी उरकून घ्या. जागा नुसत्या पाण्यानं धुवा. साबण, स्पिरिट, सॅनिटायझर, लोशन काही नको, कारण त्यांनी त्वचा चुरचुरते आणि औषध आत जाण्याचा वेगही बदलू शकतो. टिपून कोरडी करा, अर्धा तास पंख्याखाली जाऊ द्या. बंबाच्या पाण्यानं न्हालेलं अंग तापलेलं असतं, दहा मिनिटांनी घाम फुटतो आणि त्याच घामावर तुम्ही पॅच लावलेला असतो. केस कात्रीनं बारीक कापा. ब्लेड फिरवू नका. ब्लेडनं दिसणार नाहीत इतक्या बारीक चिरा पडतात, तटबंदीला भोकं पडल्यासारखी, आणि औषध ठरल्यापेक्षा वेगानं शिरतं. पॅच ठेवल्यावर तळहातानं दाबून मनात तीस आकडे मोजा, मग कडेवरून बोट फिरवा. हे तीस आकडे घाईत सगळेच गाळतात. गोंदाला अंगाची ऊब मिळाली की तो धरतो, नाहीतर वरवर बसतो.

पावसाळ्यात जूनपासून चार महिने आपल्याकडे बनियनसुद्धा धड वाळत नाहीत. दमट कपडा पॅचवर दिवसभर घासतो. कपडे इस्त्री करून, गार करून घाला. चैत्रात जोतिबाला जाऊन आलात तर गुलाल पॅचच्या कडेखाली शिरतो. तिथे चोळू नका, ओल्या फडक्यानं टिपा.

तरीही कड उचललीच तर चारही बाजूंनी मायक्रोपोअर टेप लावा. ती पुरली नाही तर केमिस्टकडे पारदर्शक फिल्म ड्रेसिंग मिळतं, पण ते डॉक्टरांना किंवा सिस्टरना विचारून. पूर्ण निघालेला पॅच परत चिकटवू नका. फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन असेल तर नवा पॅच दुसऱ्या जागी लावा आणि तास तिथून पुन्हा मोजा. रिव्हास्टिग्मिन असेल तर नवा लावा, पण उद्या नेहमीच्याच वेळेला बदला.

४. जागा बरोबर आहे का?

सपाट, न दुमडणारा, केस कमी असलेला, धडधाकट त्वचेचा भाग हवा. छातीचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, दंडाची बाहेरची बाजू. "जिथे दुखतंय तिथेच लावायचा ना?" हा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारतात. फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन रक्तावाटे काम करतात, त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून गुडघ्यावर लावून काही साधत नाही, उलट गुडघा वाकला की पॅच सुटतो. डायक्लोफिनॅकचा पॅच मात्र दुखऱ्या जागेवरच लावतात. दोन्ही प्रकार घरात असतील तर पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

जागा दरवेळी बदला. त्याच ठिकाणी रिव्हास्टिग्मिन १४ दिवस, ब्युप्रेनॉर्फिन तीन आठवडे परत लावायचा नाही. त्वचेला सावरायला वेळ लागतो, आणि चिडलेल्या त्वचेतून औषध कमी-जास्त जातं. सूज, जखमेचा व्रण, रेडिएशन दिलेला भाग टाळा. रुग्ण गोंधळलेला असेल तर पाठीचा वरचा भाग, म्हणजे त्याचा हात पोचत नाही.

५. शेक, ऊन, ताप

इथे जरा सावकाश वाचा.

थंडीच्या दिवसांत एका आजींच्या घरून सकाळी फोन आला, "आई उठंनात." आदल्या संध्याकाळी पॅच लावूनही पाठ दुखत होती, म्हणून लेकीनं गरम पाण्याची पिशवी दिली होती. पिशवी बरोबर पॅचवर. रात्रभर. मी पोचले तेव्हा आजी हाकेला जेमतेम डोळे उघडत होत्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि मिनिटाला श्वास मोजला तो आठ. पॅच काढला, १०८ बोलावली, दवाखान्यात त्यांना उताऱ्याचं इंजेक्शन दिलं आणि चोवीस तास नजरेखाली ठेवलं. त्या वाचल्या. लेक दारात उभी राहून सारखी म्हणत होती, मी तर बरं वाटावं म्हणून दिला शेक. तिची काय चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

उष्णतेनं त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पॅचमधून औषध वेगानं सुटतं आणि त्वचेतला साठाही भराभर रक्तात ओढला जातो. ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त औषध एकदम अंगात जाऊ शकतं. म्हणून गरम पिशवी, शेकशेगडी, इलेक्ट्रिक ब्लँकेट, वाफारा, कढत पाणी, एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाठीनं बसणं, सगळं बंद. शेक हवाच असेल तर पॅचपासून लांबच्या भागाला, तोही विचारून. ताप १०२च्या वर गेला तर रुग्णाची झोप आणि श्वास यावर नजर ठेवा आणि डॉक्टरांना कळवा. तापात अंगच पॅचला आतून शेकत असतं.

एमआरआयला जाताना आधीच सांगा की पॅच आहे. काही पॅचच्या पाठीला धातूचा पातळ पत्रा असतो, तो मशीनमध्ये तापून भाजू शकतो.

६. पाकीट वाचा

ताकद तीच आहे का? केमिस्टनं दुसऱ्या कंपनीचा दिला तर आकडा, तास आणि औषधाचं नाव तिन्ही जुळवून बघा. मुदत संपली नाही ना? पाकीट आधीच फोडून ठेवलेलं नव्हतं ना? मी पॅच फ्रिजवर, टीव्हीमागे आणि एकदा देवघरात समईशेजारी ठेवलेले पाहिलेत. कोरड्या, थंड कपाटात, बंद पाकिटात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

आणि कापू नका. पैसे वाचवायला किंवा "अर्धाच पुरेल" म्हणून लोक कात्री चालवतात. काही पॅचमध्ये औषध पिशवीसारख्या कप्प्यात जेलच्या रूपात असतं. कापला की सगळं एकदम बाहेर. काहींमध्ये ते गोंदातच मिसळलेलं असतं. बाहेरून कुठला कोणता हे आपल्याला कळत नाही. कमी ताकद हवी तर कमी ताकदीचा पॅच लिहून घ्या.

७. नवीन औषध सुरू झालंय का?

फेंटानिल यकृतात विघटित होतं. ते काम मंदावणारी औषधं सोबत सुरू झाली, उदाहरणार्थ एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीवरची फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, तर तोच पॅच भारी पडतो. टीबीची रिफॅम्पिसिन, फिटची कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू झाली तर तोच पॅच हलका पडतो. झोपेच्या गोळ्या आणि दारू पॅचबरोबर श्वास आणखी मंदावतात. सर्दी-खोकल्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात गेलात तरी पॅचचं रिकामं पाकीट दाखवा.

निकोटिन पॅचवाल्यांना स्वप्नांचा त्रास होत असेल तर झोपताना काढून चालतं का ते विचारा, बहुतेकांना चालतं.

८. खाज आणि लाली

पॅच काढल्यावर त्याच्याच आकाराची फिकट लाली राहणं नेहमीचं आहे. जागा बदला, गार पाण्यानं पुसा. ती ४८ तासांत उतरली नाही, पॅचच्या कडेबाहेर पसरली, फोड आले किंवा सूज आली, तर ती ॲलर्जी असू शकते. तिथे मलम लावून वर पुन्हा पॅच लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. खाज सुटते म्हणून पॅचच्या खाली बोट घालून खाजवणाऱ्यांची नखं आणि बोटं लगेच धुवा.

व्हिटॅमिनच्या पॅचबद्दल विचारता म्हणून

"बी-१२चा पॅच मिळतो म्हणे, इंजेक्शन नको वाटतंय." त्वचेतून जायला रेणू लहान लागतो, ढोबळमानानं ५०० डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) आतला, आणि पाण्यातही तेलातही थोडाफार विरघळणारा. निकोटिन १६२ डाल्टनचा, फेंटानिल ३३६चा, म्हणून ते जातात. बी-१२ सुमारे १३५५ डाल्टनचं, इन्सुलिन तर ५८००च्या आसपास. शिवाय रोजची गरज काही मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर तळहाताएवढ्या पॅचमधून तेवढं जात नाही. लोह, कॅल्शियम यांची गरज त्याहून मोठी. बी-१२ खरंच कमी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन किंवा गोळी घ्या. हातापायाला मुंग्या येत असताना पॅच लावून महिने घालवणं परवडणारं नाही.

९. एवढं सगळं बघूनही दुखतंय

आता घरचं काम संपलं. माणूस आजारात फार वाळला असेल, कातडीखाली चरबीच उरली नसेल, तर फेंटानिल पॅचमधून रक्तात कमी पोचतं असं आढळलंय. कधी आजारच पुढे सरकलेला असतो. दोन्हीचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. दुसरा पॅच आपल्या मनानं जोडायचा नाही, शेजारच्यांचा उरलेला तर मुळीच नाही. फोन करताना हाताशी हे ठेवा: पॅचचं पाकीट, कॅलेंडरच्या नोंदी, मधल्या गोळ्या दिवसाला किती लागल्या, ताप, आणि रुग्ण झोपलेला असताना पूर्ण एक मिनिट मोजलेले श्वास.

श्वास मिनिटाला दहाच्या खाली, जाग येत नाही, बोलणं जड, बाहुल्या अगदी बारीक: पॅच काढा, जागा साध्या पाण्यानं पुसा, १०८. एकट्याला सोडू नका, कुशीवर वळवा. जाग आली म्हणून दवाखाना टाळू नका, त्वचेतला साठा अजून सुरूच असतो. मूल पॅचच्या संपर्कात आलं असेल तर लक्षणांची वाटही बघू नका. रिव्हास्टिग्मिनवर उलट्या थांबत नसतील किंवा चक्कर येऊन पडले, तर त्याच दिवशी दवाखाना. नायट्रो पॅच असताना छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला तरीही १०८च.

वापरलेला पॅच आणि पुढचा पॅच

तीन दिवसांनी काढलेल्या फेंटानिल पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन घडी घाला, रिकाम्या पाकिटात ठेवा आणि जिथून पॅच मिळाले तिथे परत द्या. कचऱ्याच्या डब्यात, कुत्र्यामांजरांच्या तोंडी जाईल असं टाकू नका.

फेंटानिल गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. २०१४च्या कायदादुरुस्तीनंतर ते अत्यावश्यक अंमली औषधांत आलं आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतूनच रुग्णाला मिळतं. त्यामुळे शेवटचा पॅच लावल्यावर धावाधाव केली तर उशीर होतो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं रस्ते बंद झाले तेव्हा मी एका रुग्णाच्या पॅचसाठी दीड दिवस फोन करत बसले होते. तो दीड दिवस त्यांनी कसा काढला ते मी बघितलंय. तेव्हापासून राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकलं की मी माझ्या प्रत्येक घरी एकच फोन करते: कपाट उघडून बघा, पुढचे दोन पॅच आहेत का? नसतील तर आजच डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या, ४३ फुटांची धोका पातळी यायच्या आत.